रत्नागिरीत इन्क्युबेटर म्हणजे नक्की जायचं कुठे? फणसाचं काम सुरू करायचंय

फणसवाली_पावस

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहितेय. मी पुण्यात आठ वर्षं एका फूड कंपनीत क्वालिटीला होते, मागच्या वर्षी घरी परत आले. पावसजवळ आमची थोडी बाग आहे. हापूसची सगळे काळजी घेतात पण बांधावर आणि घरामागे मिळून २२ फणस आहेत त्यांच्याकडे कोणी बघत नाही. दरवर्षी जूनच्या पहिल्या पावसात निम्मे फणस झाडाखाली कुजतात, सगळ्या वाडीत तेच. लहानपणापासून तो वास नाकात आहे आणि आता पुण्यात लोक कुयरीसाठी (म्हणजे कोवळ्या फणसासाठी) किती पैसे देतात ते बघितल्यावर जीव तुटतो.

तर यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये मी आणि आईने मिळून कुयरी सोलून, तुकडे करून, थोडी वाफवून फ्रीजरमध्ये ठेवली आणि थोडी ड्रायरमध्ये सुकवली (ड्रायर एका ओळखीच्यांचा, आमसुलं सुकवायचा). पुण्यातल्या जुन्या सोसायटीत १६० पाकिटं गेली. गोठवलेली ९० आणि सुकवलेली ७०. परत मागणी आली म्हणून हिंमत वाढलीय.

आता प्रश्न असा की पुढे मदत कोणाकडे मागायची? पुण्यात असताना इन्क्युबेटर (नवीन उद्योगाला हात धरून उभं करणारी संस्था), मेंटॉर, सीड फंड (सुरुवातीचं भांडवल) हे शब्द रोज कानावर पडायचे. इथे कोणाला विचारलं तर कोणी म्हणतं उद्योग केंद्रात जा, कोणी म्हणतं कृषीला जा, कोणी म्हणतं दापोलीला जा. एका कन्सल्टंटला भेटले तर तो म्हणाला ४० हजार द्या, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सबसिडी दोन्ही करून देतो, त्यातले २० आधी. एका बँकेत गेले तर साहेबांनी मान वर न करता सांगितलं सातबारा आणि घराचे कागद घेऊन या, वडिलांना पण आणा. मी ३२ वर्षांची आहे, आठ वर्षांचा पगार खात्यात आलेला त्यांना दिसत होता, तरी वडिलांना आणा. ते ऐकून बाहेर येऊन स्कूटरवर पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

कोणी स्वतः यातून गेलं असेल तर सांगा ना, सुरुवात कुठून करायची. मशीनला साधारण १२-१४ लाख लागतील असा माझा अंदाज आहे.

लोटेवाले_काका

ताई, सगळ्यात आधी त्या कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका. २० हजार तर नाहीच नाही. माझं लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट आहे, तिसावं वर्ष चालू आहे, फूडचं नाही पण कागद सगळे सारखेच असतात म्हणून लिहितोय.

तुमच्यासारख्या खाण्याच्या वस्तूच्या उद्योगाला सरकारची पीएमएफएमई योजना आहे, सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची, २०२० मध्ये आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. तुमचा स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. आणि यातली खरी गोष्ट कोणी सांगत नाही ती ही की या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, रिपोर्ट बनवणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा, फूड लायसन्स, हे सगळं त्यांचं काम आणि त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन यादी मागा. योजनेची मुदत वाढत वाढत आलीय तेव्हा यंदाचे अर्ज चालू आहेत का ते त्याच दिवशी विचारून घ्या.

दुसरी वाट पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, ती जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योगकडून. त्यात उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, २०२२ मध्ये मर्यादा वाढवली. बाई म्हणून तुम्ही विशेष प्रवर्गात येता, म्हणजे गावात युनिट टाकलं तर ३५ टक्के, शहरात टाकलं तर २५ टक्के, आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. म्हणजे रत्नागिरी शहरात गाळा बघत असाल तर थांबा, पावसलाच टाका. पण जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत हे लक्षात ठेवा.

आता मोठा खड्डा कुठे आहे ते सांगतो. पीएमईजीपी फक्त नवीन युनिटला मिळते. तुम्ही आज उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करून बिलं फाडून माल विकायला लागलात आणि वर्षाने अर्ज केलात तर चालू उद्योग म्हणून परत पाठवतील. माझ्या पुतण्याचं हेच झालं, सात महिने फाइल फिरली आणि शेवटी त्या एका ओळीवर अडकली. पीएमएफएमईला मात्र चालू युनिट चालतं. तेव्हा आधी ठरवा कुठल्या दाराने जायचं, मग नोंदण्या करा. आणि उद्यम रजिस्ट्रेशन पूर्ण फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन टाकून दहा मिनिटांत होतं, त्याचे दोन-तीन हजार घेणाऱ्या वेबसाइट आहेत त्यात अडकू नका.

बँकेबद्दल: निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, त्यासाठी सीजीटीएमएसई म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीची हमी असते. हे त्या साहेबांना तोंडी सांगू नका, अर्जात लिहा आणि पोच घ्या. कर्ज नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की भाषा बदलते हा माझा तीस वर्षांचा अनुभव. तरी नाही झालं तर अग्रणी बँकेचे (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणारी बँक) जिल्हा व्यवस्थापक असतात, आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, तिथे अर्ज द्यायचा, शाखा कुठल्याही बँकेची असली तरी.

दापोली_उद्यानविद्या

काकांनी कागदांचं बरोबर सांगितलंय, मी मालाचं सांगतो. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलोय, आता स्वतःची नर्सरी आहे.

इन्क्युबेटर म्हणून काचेची इमारत शोधू नका, तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी आपल्या विद्यापीठाकडे तुकड्या-तुकड्याने आहेत. रायगडात रोह्याजवळ किल्ला म्हणून जागा आहे तिथे विद्यापीठाची काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, फळप्रक्रिया हाच त्यांचा विषय. पावसहून लांब पडेल पण एकदा जाच, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, तुमची पाकिटं घेऊन जा. फेब्रुवारीत सुकवलेलं आणि मार्चमधलं असं दोन्ही. माल समोर ठेवला की प्राध्यापक मंडळी मनापासून बोलतात, नुसतं मार्गदर्शन हवंय म्हटलं तर माहितीपत्रक हातात देतात. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र पण आहे, १९५७ पासूनचं, काजूसाठी सगळ्यांना माहीत आहे पण फणसाचं पण विचारा.

आता झाडांबद्दल, २२ झाडांत कापा (कडक गऱ्यांचा) किती आणि बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) किती ते आधी मोजलंत का? कुयरीला दोन्ही चालतात पण पिकल्यावर कापा आणि बरका म्हणजे दोन वेगळे धंदे आहेत. काप्याच्या गऱ्यांचे चिप्स होतात, बरक्याचा रस काढून फणसपोळी. पुढे लावायची झाली तर विद्यापीठाची कोकण प्रॉलिफिक जात आहे, कापाच आहे ती, कलमं लावा म्हणजे सगळा माल एकसारखा येईल. बियांपासून आलेली २२ झाडं म्हणजे २२ चवी, आज सोसायटीतल्या काकूंना चालेल, उद्या दुकानदाराला चालणार नाही.

आणि एक कळकळीने सांगतो, गोठवलेल्या मालावर सगळी मदार ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. माझ्या मावशीकडे डीप फ्रीजरमध्ये मासे होते, तिसऱ्या दिवशी खड्डा खणून पुरले. तुमच्याकडे एवढं मोठं वादळ नाही आलं तरी पावसाळ्यात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. सुकवलेलं करा किंवा रिटॉर्ट पाऊच (बंद पाकिटातच दाबाच्या वाफेवर निर्जंतुक केलेला माल) करा, ते बाहेर कपाटात राहतं.

रिटॉर्टवरून आठवलं. पावस-रत्नागिरी पट्ट्यात आंब्याच्या रसाची कॅनिंगवाली मंडळी आहेत, त्यांचा सीझन एप्रिल अखेर-मे ते जून. त्यांचा बॉयलर, रिटॉर्ट, स्टीलची टेबलं, वॉशिंग लाइन हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये झाकून ठेवलेलं असतं. आणि तुमची कुयरी नेमकी तेव्हाच. १४ लाखांचं मशीन घेण्याआधी दोन-चार जणांना जॉबवर्कसाठी विचारून बघा. लायसन्स त्यांचं असतंच, पाकिटावर उत्पादक म्हणून त्यांचं नाव येईल आणि मार्केटिंग करणार म्हणून तुमचं, त्याला तुमची वेगळी फूड नोंदणी लागेल एवढंच.

फणसवाली_पावस

काका, लेखी पोचेचं उद्याच करते. आणि नवीन युनिट-चालू युनिट हा फरक मला कोणीच सांगितला नव्हता, मी याच आठवड्यात उद्यम करणार होते!

दापोलीकर दादा, कॅनिंगवाल्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर एक आहेत, दरवर्षी त्यांनाच आमचा डागी आंबा जातो. कापा-बरका मोजले आत्ता बाबांना विचारून, १३ कापे, ७ बरके आणि दोन झाडांवर बाबांचं आणि आईचं एकमत होईना.

सुकवलेल्याची अडचण अशी आहे की सुकताना रंग काळपट येतो. कुयरी कापली की पाच मिनिटांत काळी पडायला लागते. हाताला विळीला खोबरेल लावतो, चीक पुसतो, तुकडे मिठाच्या पाण्यात टाकतो, तरी. आई म्हणते ताकाच्या पाण्यात टाक, घरच्या भाजीला आम्ही तेच करतो. पण पाकिटाला ताक चालेल का? आणि पावसाळी हवेत पाकीट फोडलं की दोन तासांत कडकपणा जातो.

दापोली_उद्यानविद्या

ताक घरी ठीक आहे, विकायच्या मालात नको, दूध आलं की लेबलवर ॲलर्जीचा इशारा लिहावा लागतो. ताकातलं जे काम करतं ते आंबटपणाच, तेवढ्यासाठी सायट्रिक ॲसिडचं पाणी वापरा. आणि सुकवण्याआधी तुकडे उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाका, काळं पाडणारं एन्झाइम त्याने मरतं. तुम्ही क्वालिटीत होतात म्हणजे ब्लांचिंग तुम्हाला नवीन नाही, फक्त कापणं आणि ब्लांचिंग यांच्यात वेळ जाऊ देऊ नका, एकीने कापायचं आणि दुसरीने लगेच टाकायचं, पाटीभर साठवून नाही. पाकिटं जाड लॅमिनेटची घ्या, ॲल्युमिनियमचा थर असलेली, साध्या प्लास्टिकमधून कोकणातला जुलै आत शिरतो.

चिप्स कधी केलेत तर पिकलेल्या गऱ्यांना साध्या कढईत साखरेमुळे लाल-काळा रंग येतो, व्हॅक्यूम फ्रायरमध्ये कमी तापमानावर तळतात म्हणून पिवळे राहतात. पण ते मशीन महाग, आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

कुडाळचो_काजूवालो

मी कुडाळचो, पण सगळ्यांका कळुक होया म्हणान साध्या मराठीत लिहितंय.

ताई, तुम्ही इन्क्युबेटरचं विचारलंत आणि वर दोघांनीही ते बाजूला ठेवलं, मी त्याबद्दल सांगतो कारण मी पुण्यातल्या एका इन्क्युबेटरमध्ये दीड वर्ष काढलंय. माझं काजू बी सुकवायच्या यंत्राचं काम आहे, आत ओलावा किती राहिला ते यंत्रच सांगतं.

इन्क्युबेटर दोन गोष्टी बघतो: यात नवीन काय आहे आणि हे दहापट होईल का. नुसतं कुयरी पॅक करून विकणार म्हटलं तर ते म्हणतील चांगला उद्योग आहे पण स्टार्टअप नाही. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीच्या) फर्मला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा भागीदारी लागते. मग डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता घ्यायची, मग स्टार्टअप इंडिया सीड फंड, तो २०२१ ला सुरू झाला, तो थेट सरकारकडून नाही तर निवडलेल्या इन्क्युबेटरमधूनच मिळतो. प्रयोग सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान, पुढे बाजारात जायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तसं काही. अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. आणि आधी इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त रोख मदत घेतलेली असेल तर सीड फंड बंद. काकांनी सांगितलेल्या खड्ड्यासारखाच हा दुसरा खड्डा.

राज्याची नाविन्यता सोसायटी पण आहे, कौशल्य विकास विभागाखाली, २०१८ पासून. त्यांचा स्टार्टअप वीक होतो, त्यात निवडलेल्यांना सरकारी विभागाकडून कामाची वर्क ऑर्डर मिळते. हे माझ्यासारख्या यंत्रवाल्याला उपयोगी, तुम्हाला आत्ता नाही.

शेतीशी जोडलेल्यांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला रफ्तार कार्यक्रम आहे, कल्पनेच्या टप्प्याला ५ लाखांपर्यंत आणि सीड टप्प्याला २५ लाखांपर्यंत. त्याची केंद्रं मोजक्याच संस्थांत आहेत, आपल्या बाजूने धारवाडचं कृषी विद्यापीठ त्यातलं एक. मी तिथे मुलाखत देऊन आलोय, निवड झाली नाही, पण दोन दिवसांत जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे मला घरी सहा महिन्यांत कोणी विचारले नव्हते.

माझं प्रामाणिक मत: इन्क्युबेटरने मला पैसे कमी दिले, माणसं जास्त दिली. काजूचा कारखानदार, सेन्सरवाला इंजिनीअर, सीए, एका टेबलावर बसलेली. आपल्याकडे कोकणात हेच नाही. सगळे आहेत पण एक चिपळूणला, एक मालवणला, एक रत्नागिरीला, आणि त्यांची गाठ फक्त लग्नात पडते. मला खूप वाटतं की प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एकदा तरी अशी बैठक व्हावी, सभागृह नको, भाषण नको, ज्याचं त्याने आपलं यंत्र किंवा पाकीट घेऊन यायचं.

आणि काकांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. अनुदानाच्या मागे आधी लागू नका. १६० पाकिटं म्हणजे ओळखीतली विक्री आहे. अनोळखी माणसाने परत मागितलं की मग कर्ज काढा.

लोटेवाले_काका

कुडाळकर, तुमचं म्हणणं पटतं पण अर्धंच. फेब्रुवारीची कुयरी हवी असेल तर अर्ज आत्ता जूनमध्ये टाकायला लागतो. अर्ज, मुलाखत, बँक, प्रशिक्षण, मशीनची डिलिव्हरी, सहा-आठ महिने कुठे जातात कळत नाही. फणस बँकेसाठी थांबत नाही. अर्ज करा, मंजूर झालं म्हणून उचललंच पाहिजे असं नाही.

मात्र अनुदान म्हणजे हातात रोकड असं समजू नका ताई. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावावर तीन वर्षं बाजूला ठेवतात, हप्ते नीट भरले तर मग कर्जात वळतं होतं. तोपर्यंत खेळतं भांडवल तुमचं तुम्हालाच. खूप जण मशीनवर सगळं घालतात आणि पहिल्या सीझनला माल घ्यायला पैसा नसतो. मी १२ लाखांत ८ मशीनला धरा म्हणेन.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. मी एकच गोष्ट सांगायला आलेय, विमा.

२२ जुलै २०२१ ला आमच्या गोडाऊनमध्ये छपरापर्यंत पाणी होतं. मसाले आणि कोकम आगळ, सहा महिन्यांचा माल. पाणी उतरल्यावर आत गेलो तर आगळाच्या बाटल्या सगळ्या शाबूत, एकही फुटली नव्हती, पण आत-बाहेर चिखल आणि झाकणाखाली पुराचं पाणी. लाल बाटल्या चिखलात तरंगत होत्या. ४०० बाटल्या आम्ही स्वतःच्या हाताने ओतून टाकल्या. खाण्याची वस्तू, दुसरं काही करताच येत नाही.

विमा होता, पण नंतर कळलं की बँकेने कर्ज देताना काढलेला विमा इमारत आणि मशीनचा होता, मालाचा नव्हताच. पॉलिसी आम्ही कधी उघडून वाचली नव्हती. कर्ज घेतेस तेव्हा पॉलिसीचा कागद मागून घे, त्यात साठवलेल्या मालाचं नाव आहे का बघ, पूर आणि वादळ दोन्ही शब्द आहेत का बघ. आणि मशीनचा ओटा उंच घे. आम्ही आता साडेतीन फुटांवर घेतलाय, शेजारी पहिल्यांदा विचारायचे एवढा का, आता तेही तसाच घेतात.

बाकी तू कर गं, होईल. त्या बँकेतून बाहेर येऊन बसलीस ते वाचलं आणि मला माझे दिवस आठवले, म्हणून लिहिलं.

गुहागर_गटाची_ताई

आमचा १२ जणींचा बचतगट आहे, उमेदमध्ये (राज्याच्या ग्रामीण बचतगटांच्या अभियानात). आमसूल, आगळ, आंबापोळी, फणसपोळी करतो. इथे सगळे मशीनचं आणि कर्जाचं बोलतायत, माणसांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

फेब्रुवारीत कुयरी कापायला बायका कुठून आणणार? तेव्हाच काजू बी गोळा करायचं काम सुरू होतं, आंब्याच्या बागेत फवारणी-राखण असते, आणि कुयरी सोलणं म्हणजे चिकाचं काम, एकदा आलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. आम्ही एक केलं, सकाळी ७ ते ११ एवढंच काम ठेवलं आणि दिवसाच्या हिशोबाऐवजी किलोवर पैसे दिले. ज्यांना घरचं बघून यायचं त्या येतात. हातमोजे, तेल आणि चहा आमच्याकडून. जुन्या साड्यांचे तुकडे ठेवतो चीक पुसायला, ते तिथेच जाळायचे, घरी न्यायचे नाहीत. बारीक गोष्ट आहे पण बायका यासाठीच थांबल्या.

तुम्ही एकट्याने करण्यापेक्षा तुमच्या वाडीतल्या गटाशी बोला. पीएमएफएमईमध्ये अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, खेळत्या भांडवलाला आणि छोट्या अवजारांना. ते गटाच्या फेडरेशनमार्फत येतं. गटाने सोलून, कापून, वाफवून द्यायचं आणि तुम्ही पॅकिंग-विक्री करायची असं जमू शकतं. तुम्हाला क्वालिटी कळते, आमच्यासारख्यांना ते शिकवा, त्याचं मोल पैशापेक्षा जास्त आहे.

शिकायचं असेल तर रत्नागिरीत बँक ऑफ इंडियाची आरसेटी आहे, ग्रामीण भागातल्यांना फुकट प्रशिक्षण, राहणं-जेवण पण त्यांचंच. मी तिथूनच हिशोब लिहायला शिकले. नफा कसा काढायचा ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं, विकलं ते सगळं नफाच वाटायचं, आपली मजुरी धरतच नव्हतो आम्ही.

आणि पाकिटावर वजन, किंमत, तारीख छापायची तर वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी लागते. फूड नोंदणी सगळ्यांना माहीत असते, हे राहून जातं. आमचा माल एका प्रदर्शनात याच कारणाने टेबलावरून उतरवायला लावला होता, दोन दिवस नुसत्या बसून होतो.

मिरकरवाडा_ते_शिरगाव

फक्त भर घालतो, मी मासळीवाला आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रक्रिया आणि पॅकिंग शिकलेली माणसं आहेत, पाऊच-सीलिंग-रिटॉर्टचं ज्ञान मासे काय आणि फणस काय, बरंचसं एकच. आमच्या सुरमईच्या लोणच्याची पाकिटं फुगत होती, तिथल्या एका सरांनी सीलवर नख फिरवून दाखवलं की सीलिंग मशीनच्या जबड्याचं तापमान कमी पडतंय. पाच मिनिटांचं काम, आम्ही तीन महिने मसाल्याला दोष देत होतो. पावसहून शिरगाव जवळच आहे, किल्ल्याला जाण्याआधी इथे जाऊन या.

फणसवाली_पावस

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री सगळं आईला वाचून दाखवलं. चिपळूणच्या ताईंचं वाचताना ती मध्येच उठून आत गेली.

आज काय काय झालं ते सांगते. सकाळी कृषी कार्यालयात जाऊन संसाधन व्यक्तींची यादी घेतली, त्यातल्या एकांशी फोनवर बोलले, शुक्रवारी घरी येऊन जागा बघणार आहेत, पैशाचा विषयच नाही काढला. मी पीएमएफएमईचीच वाट धरतेय, कारण विक्री तर मी सुरू केलेलीच आहे, ती लपवून नवीन युनिट म्हणून अर्ज करणं मला जमणार नाही. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं.

दुपारी कॅनिंगवाल्या काकांकडे गेले. ते आधी हसले, म्हणाले फणसाला रिटॉर्ट कोण लावतं. मग मी पाकीट फोडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं की मार्चमध्ये एका दिवसाला किती किलो देशील. मी २०० म्हणाले. ते म्हणाले २०० साठी बॉयलर पेटवणं परवडत नाही, ५०० लागतील. आमच्या २२ झाडांतून एका दिवसात ५०० निघणं शक्य नाही. म्हणून आता वाडीतल्या सगळ्यांची झाडं मोजायला घेतलीत, आजपर्यंत ६१ झालीत, खालची वाडी अजून राहिलीय. गुहागरच्या ताई, आमच्या गटाच्या अध्यक्षबाईंशी रविवारी बसणार आहे, किलोवर मजुरीचा तुमचा दर काय ते मला मेसेज कराल का?

बँकेत कर्जाचा अर्ज, त्यात तारण नको ती ओळ, आणि पोच. शिक्का मारताना साहेबांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

गुहागर_गटाची_ताई

दर मेसेजमध्ये टाकला. झाडं मोजताय तशी प्रत्येक झाडाची कुयरी पहिली कधी धरते ते पण लिहून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना पाठ असतं. सगळी झाडं एका आठवड्यात येत नाहीत. आमच्याकडे विहिरीजवळचा फणस जानेवारीअखेर देतो आणि डोंगराकडचा थेट मार्चच्या मध्यावर. ५०० चा दिवस त्यावरून ठरवा.